चार दिवसांची झोप

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कामिनी सासऱ्यांची दाढी करत होती. उजवा गाल आधी, कारण लकवा त्या बाजूला होता आणि तिथली कातडी सैल पडल्याने ती दोन बोटांनी ताणून धरावी लागे. बन्सीलाल, म्हणजे घरातले नाना, डोळे मिटून खाटेवर टेकून बसले होते. ओसरीत ऊन आलं होतं. वाटीतलं पाणी थंड होत चाललं तसा तिचा हात वेगाने फिरू लागला. हनुवटीखाली आल्यावर मात्र तिने थांबून डोळे घट्ट मिटले, उघडले आणि मग पुन्हा सुरुवात केली. अशा कामात डुलकी लागली तर काय होईल याचा विचार तिने आधीच करून ठेवलेला असे.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "कामिनी! अकरा वाजता बलावेल शे शहाद्याले. आटप व, नानाले नवरदेव करू नको."

"हाव, आत्याबाई. व्हयनंच."

प्रमिलाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. सुनेला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे त्या नीटनेटक्या निघत. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. शहाद्याच्या एका डॉक्टरांच्या गोळ्या वर्षभर घेऊन झाल्या होत्या. आता कुणीतरी दुसऱ्या डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं होतं. त्यांनी सोनोग्राफीसाठी पाळीचा बारावा दिवस सांगितला होता. तो दिवस आज होता. निदान प्रमिलाबाईंच्या हिशेबाने तो आज होता.

कामिनीला ठाऊक होतं की तो आज नाही.

तापीकाठच्या या गावात अजून बऱ्याच घरांतून बायका पाळीच्या दिवसांत दूर बसतात. या घरात दूर बसायची जागा मागच्या अंगणात होती. ठिबकच्या जुन्या नळ्या ठेवायची ती खोली होती. एक खाट, एक सतरंजी, पाण्याची वेगळी कळशी. चार दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, घरच्या म्हशीच्या दुधाला हात लावायचा नाही, कुणाला शिवायचं नाही, जेवण उंबऱ्याबाहेरून यायचं. लग्न होऊन आली तेव्हा कामिनीला याचा राग येई. तिचं माहेर नंदुरबारचं, घरात दोन नोकरदार, तिथे असलं काही कुणी पाळत नव्हतं. पहिल्या वर्षी ती त्या खोलीत बसून मोबाईलवर बहिणीशी बोले आणि चिडून रडे.

मग नानांना लकवा झाला. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती. रात्री त्यांना कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. लघवीचं भांडं द्यावं लागे. त्यांना मोठ्याने हाक मारता येत नसे, म्हणून डाव्या हाताजवळ स्टीलचा पेला ठेवलेला असे. काही हवं असलं की ते पेला खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटत. प्रमिलाबाईंचे गुडघे गेलेले. मुलगा योगेंद्र केळीच्या बागेत, थ्री-फेज वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येई, तशी त्याची झोप वर-खाली होई. त्यामुळे ओसरीलगतच्या खोलीत कामिनी झोपू लागली. तसं कुणी ठरवलं नव्हतं. तिच्या उठण्याने बाकीच्यांची झोप मोडत नसे, एवढंच.

पहिले काही महिने ती पेल्याच्या आवाजाने उठे. नंतर आवाजाच्या आधीच उठू लागली. त्यानंतर असं झालं की नाना रात्रभर शांत झोपले तरी तिचा डोळा लागेना. अंधारात ती त्या आवाजाची वाट बघत पडून राही. छाती धडधडे. सकाळी उठल्यावर अंगावर ओलं पोतं टाकल्यासारखं वाटे. भाजीला फोडणी दिली की नाही, हे तिला आठवत नसे. बहिणीचा फोन आला तर ती उचलत नसे, कारण बोलायला सुरुवात कुठून करायची हे कळत नसे. हळूहळू रडूही येईनासं झालं.

आणि पाळी चुकू लागली.

पहिल्यांदा महिना उलटून दहा-बारा दिवस गेले तेव्हा प्रमिलाबाईंनी काही न बोलता तिच्या हातातली पाण्याची घागर काढून घेतली होती. मग खारका आल्या. रात्री नानांजवळ योगेंद्र झोपू लागला. शेजारच्या बायका ओट्यावर बसून कामिनीच्या पोटाकडे बघू लागल्या. दोन महिने भरत आले आणि एके दुपारी कपडे धुताना तिला रक्त दिसलं. ती मागच्या खोलीत जाऊन बसली. प्रमिलाबाई दारापर्यंत आल्या, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इतला दिन मंग काय फुकटना खारका खायी ऱ्हायनी व्हती?" त्या रात्री मात्र योगेंद्र बागेत होता आणि नानांजवळ त्याच होत्या, कारण दूर बसलेल्या सुनेने नानांना शिवायचं नव्हतं. कामिनी दिवे लागण्याच्या सुमारास आडवी झाली आणि उठली तेव्हा उन्हं अंगणात आली होती. गेल्या दोन महिन्यांत ती अशी झोपली नव्हती.

पुढच्या वेळी महिना भरला तेव्हा काहीच झालेलं नव्हतं. पोटात दुखत नव्हतं, कपड्यावर डाग नव्हता. खारका पुन्हा यायच्या आणि पुन्हा हिशेब व्हायचा, हे तिला दिसत होतं. शिवाय तिला झोप हवी होती. भूक लागलेला माणूस ताटाकडे बघतो तशी ती मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होती. तिने सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून सांगितलं, "आत्याबाई, मी दूर बठस."

एवढं पुरे होतं. कुणी काही तपासलं नाही. जे डोळ्यांनी बघायचंही नसतं ते तपासणार कोण?

त्यानंतर ती दर महिन्याला बसू लागली. वाण्याच्या दुकानातल्या कॅलेंडरसारखी. खरी पाळी कधी त्या चार दिवसांत यायची, बहुतेक वेळा यायचीच नाही. कधी मधेच यायची, तेव्हा ती लपवून घरात वावरायची. शहाद्याच्या आधीच्या डॉक्टरांनी पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस गोळ्या घ्यायला सांगितल्या होत्या. प्रमिलाबाई दुसऱ्या दिवशी त्या उंबऱ्याबाहेरून तिच्या ओंजळीत टाकत. खोट्या दुसऱ्या दिवशी ती त्या खरोखर गिळत असे.

हे सगळं तिने निभावून नेलं असतं. पण मागचा श्रावण आला.

खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, साज चढवून देवी मांडतात. घरातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजून त्याचे रोट होतात आणि ते भाऊबंदांनीच खायचे असतात. बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. कामिनी त्याच्या दहा दिवस आधीच दूर बसून उठली होती. रोटाच्या आदल्या रात्री तिला खरी पाळी आली. सांगायचं कसं? दहा दिवसांत दोनदा? तिने पहाटे अंघोळ केली, ओल्या केसांनी चुलीपुढे बसली आणि रोट केले. पुरण वाटलं. देवीपुढे ताट प्रमिलाबाईंनी ठेवलं, पण ते कामिनीच्या हातचं होतं. भाऊबंद जेवले. नानांनाही रोट दुधात कुस्करून भरवला.

भाद्रपदात नानांना दुसरा झटका आला आणि होतं-नव्हतं ते बोलणं गेलं. डॉक्टरांनी विचारलं, रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या का. योगेंद्र खाली बघू लागला. पोळ्याच्या गडबडीत त्या संपल्या होत्या आणि आणायच्या राहिल्या होत्या. कारण उघड होतं. तरी कामिनी रात्री नानांना कुशीवर वळवताना त्या रोटाचा विचार करी. आपल्या माहेरी असल्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवला नसता, हेही तिला कळत होतं. कळल्याने काही फरक पडत नव्हता. उरलीसुरली झोप त्यानंतर गेली.

सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरली होती, त्यामुळे शहाद्याच्या रस्त्यावर गाड्या खोळंबल्या. रिक्षा एका ट्रकमागे अडकली. ट्रकात पांढरी घोडी उभी होती, गळ्यात निळे मणी.

"घोडी लेतांना लोके दात दखतस, चाल दखतस," प्रमिलाबाई रिक्षातल्या बाईला सांगत होत्या. "सून लेतांना आम्हीन नुसता फोटो दखा."

ती बाई हसली. प्रमिलाबाईही हसल्या आणि त्यांनी कामिनीच्या मांडीवर थाप मारली. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. डॉक्टरकडे जाताना त्यांना नेहमी आशा वाटत असे आणि आशा वाटली की त्या थट्टा करत.

डॉ. सुषमा वळवी मूळच्या नवापूरकडच्या. चाळिशीच्या, आवाज खालच्या पट्टीतला. त्यांनी तपासणीच्या टेबलाशेजारी प्रमिलाबाईंनाही उभं राहू दिलं.

"शेवटची पाळी?"

कामिनीने तोंड उघडायच्या आत प्रमिलाबाईंनी तारीख सांगितली. "आज बारावा दिवस. मन्ही सून घड्याळ शे डॉक्टरबाई. येक दिन इकडे नही का तिकडे नही. वरीसभर तसंच."

डॉक्टर पडद्याकडे बघत राहिल्या. हातातलं यंत्र त्यांनी पोटावरून एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग विचारलं, "मावशी, आधीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांची चिठ्ठी आणलीय का?"

"पिशवीत शे. बाहेर बाकवर."

"ती जरा शोधून आणता? मला बघायची आहे."

प्रमिलाबाई गुडघा धरत बाहेर गेल्या. डॉक्टरांनी पडदा ओढला.

"बाराव्या दिवशी असं दिसत नाही. खरी पाळी कधी आली होती?"

कामिनी छताकडे बघत होती. खरं सांगितलं तर ते चार दिवस जाणार. बारा महिन्यांचा हिशेब उलगडणार आणि त्यात श्रावण येणार. नाही सांगितलं तर पुढची औषधं आणि कदाचित इंजेक्शनंही खोट्या तारखेवर चालू राहणार. गेल्या महिन्यात गोळ्यांनी पोट दुखून ती तीन दिवस वाकून चालली होती. बाहेर प्रमिलाबाई कुणालातरी पिशवी कुठे ठेवली म्हणून विचारत होत्या.

"वसुबारसेला," ती म्हणाली.

"म्हणजे दोन महिने होत आले. आणि त्याआधी?"

"श्रावणात. कानबाईला."

"मग दर महिन्याला या सांगतात ते?"

"मी दूर बसते. पाळी नसली तरी बसते."

"का?"

"झोपायला मिळतं."

डॉक्टरांनी हातातलं यंत्र खाली ठेवलं. पुढचे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले. रात्री किती झोप होते, दिवसा काय होतं, भूक, रडू, शेवटचं बरं कधी वाटलं होतं. जगणं नको वाटतं का, हेही त्यांनी त्याच आवाजात विचारलं. कामिनीने सांगितलं, मरावंसं वाटत नाही, पण एखाद्या दवाखान्यात आजारी पडून राहावं असं वाटतं. तिथे दुसरं कुणीतरी उठेल.

"ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "पाळीचा हुकूम मेंदूतून सुटतो. महिनोन्‌महिने झोप नाही आणि जिवाला घोर, असं असलं की मेंदू तो हुकूम लांबवतो. बीज वेळेवर तयार होत नाही. हे बऱ्याच बायकांचं होतं, यात तुमचा गुन्हा नाही. पण झोपेवर सगळं ढकलून मी मोकळी होणार नाही. गर्भ नाही ना ते आधी बघू. मग थायरॉईड आणि बाकीचं रक्त. त्या गोळ्या बंद. आणि नंदुरबारला मनाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, मी चिठ्ठी देते. उदासीवर औषध असतं."

"घरी नका सांगू."

"तारखांचं मी सांगणार नाही. झोपेचं मात्र सांगावं लागेल."

प्रमिलाबाई चिठ्ठी घेऊन आल्या. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, की सुनेला रोज रात्री सलग सहा-सात तास झोप मिळायला हवी, आजाऱ्याच्या रात्री घरातल्यांनी वाटून घ्यायला हव्यात, झोपेअभावी पाळी बिघडली आहे.

"बिघडेल कशी?" प्रमिलाबाई म्हणाल्या. "दर महिन्याले बरोबर बठस ती."

डॉक्टर काही बोलल्या नाहीत. कामिनीही बोलली नाही. प्रमिलाबाईंनी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. त्या शाळा फार शिकल्या नव्हत्या, पण तीस-पस्तीस वर्षं त्यांनी घर चालवलं होतं. दोन माणसं एकाच वेळी गप्प का बसतात हे त्यांना कळत होतं.

घरी आल्यावर प्रमिलाबाईंनी पाय धुतले, नानांच्या तोंडात पाणी घातलं आणि मग स्वयंपाकघराच्या दारात बसकण मारली.

"कानबाईना रोट तुन्हाच हातना व्हतात ना?"

"हाव."

"तवय तू खरी दूर व्हती?"

कामिनीने मान हलवली. प्रमिलाबाई ओरडतील असं तिला वाटलं होतं. त्या ओसरीतल्या खाटेकडे बघत राहिल्या. त्या काय जोडत होत्या ते कामिनीला नेमकं माहीत होतं, कारण तिनेही तेच जोडलं होतं.

"झोप नही, झोप नही," त्या शेवटी म्हणाल्या. "या घरमा मन्ही झोप कोणी मोजी व्हती का? सासूनं मी सात वरीस करं. मन्ही पाळी कव्हय उनी नि कव्हय गयी, मलेच माहीत नही."

"आत्याबाई..."

"ऐक. आतेपासून दूर बठानं काम नही. खोटं बी नही नि खरं बी नही. बाटाडं ते बाटाडं. देव काय ते दखी ली." त्या भिंतीला धरून उठल्या. "ती खोलीमा उद्या कांदा भराना शेत."

योगेंद्रला त्यांनी रात्री काय सांगितलं ते कामिनीला कळलं नाही. त्याने तिला काही विचारलं नाही. तो मुळात कमी बोलणारा. दुसऱ्या दिवसापासून त्याने आपली गोधडी ओसरीत टाकली आणि आठवडाभर नानांजवळ झोपला. कामिनी आतल्या खोलीत दार लावून पडे. पहिल्या रात्री तिला पेला ऐकू आला आणि ती उठून बसली. पाचव्या रात्री ती चार तास सलग झोपली. मग विजेची पाळी रात्रीची झाली आणि योगेंद्रला बागेत जावं लागलं. केळी कापणीला आली होती, पाणी चुकवून चालणार नव्हतं. कामिनीने गोधडी उचलून आपल्या जागी नेली. पुढचा दिवसाचा आठवडा आला तेव्हा तो दोन रात्री झोपला. त्याच्या पुढच्या वेळी विषय निघाला नाही.

रक्ताचे रिपोर्ट आले. थायरॉईड ठीक, बाकी सगळं ठीक, गर्भ नाही. डॉ. वळवींनी फोनवर सांगितलं की ही चांगली गोष्ट आहे, म्हणजे झोप आणि मन यांच्याकडेच लक्ष द्यायचं. घरात रिपोर्टचा अर्थ वेगळा लागला.

"सगळं नारमल शे," प्रमिलाबाईंनी शेजारणीला सांगितलं. "काहीच नही तिले."

नंदुरबारची चिठ्ठी योगेंद्रने खिशात ठेवली होती. एकदा विचारल्यावर म्हणाला, "केळी निघू दे. तठे गयेल कोणी दखी तं लोके येडी म्हनतीन तुले." कामिनीने बहिणीला फोन केला, दीड वर्षात पहिल्यांदा. बहीण म्हणाली, मी येऊन घेऊन जाते. कधी, ते ठरलं नाही, कारण नानांजवळ कोण थांबणार हे ठरलं नाही.

मागच्या खोलीत आता छतापर्यंत कांदा आहे. दार उघडलं की उग्र वास येतो.

फेब्रुवारीत, वसुबारसेनंतर साडेतीन महिन्यांनी, कामिनीला पाळी आली. या वेळी खरी. दुपार होती, पोटात पिळवटत होतं. तिने उंबऱ्यावरून सांगितलं. प्रमिलाबाई तुरीची डाळ पाखडत होत्या. त्यांनी सूप थांबवलं नाही.

"मंग काय? नानाले भूक लागनी व्हई. खिचडी टाक."

तिने खिचडी टाकली. संध्याकाळी गावातल्या आशा कार्यकर्त्या रमीबाई घरोघरची विचारपूस करत आल्या. पाळीत वेगळं बसवतात का, असा त्यांच्याकडे एक ठरलेला प्रश्न असतो. प्रमिलाबाईंनी सांगितलं, नाही, आमच्या घरात आता तसलं काही नाही. आज बी तिनंच रांधं.

"अरे वा!" रमीबाई खरोखर खूश झाल्या. "मावशी, तुम्ही सुधरल्या हां. मी मिटिंगमधे सांगेन तुमच्या घराचं. नाहीतर गुजराथच्या सीमेपर्यंत फिरा, हेच चालू." मग कामिनीकडे वळून म्हणाल्या, "नशीबवान हो तुम्ही."

कामिनीने त्यांना चहा दिला. रमीबाईंनी बिस्किट बुडवलं आणि पुढच्या घराची वेळ झाली म्हणून त्या उठल्या.

उद्या तिचा पाळीचा दुसरा दिवस. दूध संकलन केंद्र सकाळी साडेसहाला उघडतं आणि सातला बंद होतं. म्हशीचं दूध घेऊन कामिनीच जाणार आहे.